साखरेच्या पाकातून आलेला पडदा

नेवासा तालुक्यातल्या सोनईला उसाचा हिशेब कोणी शिकवायला नको. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या या गावात हंगाम सुरू झाला की उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा, आकडा चहाच्या टपरीवरसुद्धा तोंडपाठ असतो. तो आकडा कसा निघतो, हे मात्र कारखान्यांच्या प्रयोगशाळेबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. या प्रकरणाचा विषय आहे पाण्यात विरघळलेले विषारी धातू आणि ते विजेच्या जोरावर गाळून काढणारा पडदा. त्याची सुरुवात साखरेच्या प्रयोगशाळेतूनच करावी लागते, कारण विषारी धातू आणि पडदा या दोन्ही गोष्टींचे साखरेशी जुने नाते आहे.

रसात साखर किती, हे मोजायला ध्रुवणमापी वापरतात. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की तो ठरावीक कोनातून वळतो आणि त्या कोनावरून साखर कळते. कारखान्यातले लोक त्याला नुसते ‘पोल’ म्हणतात. अडचण अशी, की घाण्यातून निघालेला रस हिरवट-तपकिरी आणि गढूळ असतो. २०० मिलिमीटर लांबीच्या नळीतून प्रकाश आरपार जायचा तर रस आधी निवळावा लागतो. त्यासाठी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांनी जगभर पिढ्यान्‌पिढ्या एकच वस्तू वापरली, लेड सबअसिटेटची पांढरी पूड. शंभर मिलिलिटर रसात ग्रॅमभर पूड टाकायची, हलवायचे आणि गाळणकागदावर ओतायचे. गाळ वर राहतो आणि खाली फिकट, नितळ द्रव टपकतो. पहिले काही थेंब टाकून देतात, मग नळी भरतात. काम चोख होते, म्हणून तर ही पद्धत इतकी टिकली.

पण त्या ग्रॅमभर पुडीत सुमारे ०.७ ग्रॅम शिसे असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार, एक लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. भागाकार करून पाहा. एका चाचणीतले सगळे शिसे पाण्यात उतरले, तर ७०,००० लिटर पाणी थेट मर्यादेवर येऊन ठेपते. दहा हजार लिटरचे सात टँकर. यातले बहुतेक शिसे गाळाबरोबर कागदावर अडकते हे खरे, पण तो कागद आणि उरलेला द्रव पुढे कुठे जातो, हा प्रश्न उरतोच. म्हणून साखर विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींनी शिशाला पर्याय मान्य केले. ॲल्युमिनियमचे क्षार वापरून रस निवळता येतो. अवरक्ताच्या जवळच्या, ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजणी केली तर रसाचा गडद रंग तितका आडवा येत नाही. आजही जिथे शिशाची बरणी फळीवर असेल, तिथून ती हलवावी, असे मला ठामपणे वाटते.

धातूंचा धोका जंतूंपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. जंतू उकळल्यावर मरतात. कीटकनाशकाचा रेणू उन्हापावसात कालांतराने तुटतो. शिसे, कॅडमियम, पारा, निकेल, क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत, ती तुटून दुसरे काही होत नाहीत. पाणी उकळले तर पाणी आटते आणि धातू होता तेवढाच राहतो, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते. म्हणूनच त्यांच्या मर्यादा इतक्या कडक आहेत. लिटरमागे कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम, पारा ०.००१, निकेल ०.०२, एकूण क्रोमियम ०.०५. चव, वास, रंग यांतून यातले काहीही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहते आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही. धातूला पाण्यातून घालवण्याचा एकच मार्ग आहे. त्याला तिथून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणे. पुढचे सगळे तंत्र या उचलण्याचे आहे आणि सगळा वाद ‘दुसरीकडे म्हणजे कुठे’ याचा आहे.

आता पडद्याकडे येऊ. १८९० साली मेग्रो आणि सबातेस या दोघांनी साखरेचा पाक शुद्ध करण्याची एक युक्ती मांडली. पाकात साखरेबरोबर पोटॅशियम-सोडियमचे क्षारही असतात आणि ते साखरेचे स्फटिक होऊ देत नाहीत. कितीही शिजवा, थोडी साखर मळीत अडकूनच राहते. कारखानदाराच्या दृष्टीने तो रोजचा तोटा. या दोघांनी पाक दोन कागदी पडद्यांच्या मधे ठेवला, पडद्यांच्या बाहेर पाणी ठेवले, त्यात कार्बनचे विद्युतअग्र बुडवले आणि डायनामोची वीज सोडली. क्षार पाण्यात विरघळताना त्यांचे विद्युतभारित कण होतात, त्यांना आयन म्हणतात. धन भाराचे आयन ऋणाग्राकडे निघाले, ऋण भाराचे धनाग्राकडे. साखरेच्या रेणूवर भार नसतो, त्यामुळे वीज तिला ओढतच नाही. ती होती तिथेच राहिली. १९०० साली शोलमायर यानेही पाकासाठीच अशा प्रक्रियेचे पेटंट घेतले. आज खाऱ्या पाण्यापासून अणुभट्टीच्या पाण्यापर्यंत सगळीकडे वापरले जाणारे विद्युत अपोहन, म्हणजे विजेने आयनांना पडद्यापलीकडे ओढण्याची हीच प्रक्रिया, साखरेच्या पाकातून जन्मले आहे. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने हे जरूर लक्षात ठेवावे.

तेव्हा मात्र ते चालले नाही. साधा कागद किंवा कातडे धन आणि ऋण आयनांत भेद करत नाही. एकीकडून बाहेर गेलेला आयन दुसरीकडून परत येतो आणि वीज वाया जाते. १९४० मध्ये मायर आणि स्ट्राउस यांनी वाट दाखवली. एक पडदा फक्त धन आयन सोडणारा, दुसरा फक्त ऋण आयन सोडणारा, अशा जोड्या एकामागोमाग एक लावायच्या आणि सगळ्यांतून एकच वीजप्रवाह न्यायचा. असे टिकाऊ पडदे प्रत्यक्षात आले ते १९५० मध्ये, अमेरिकेत वॉल्टर जुडा आणि वेन मॅक्रे यांच्या हातून. पुढच्या चार वर्षांत सौदी अरेबियातल्या तेलक्षेत्रात मचूळ पाणी गोडे करणारा संच गेला. जपानने तर १९७२ पर्यंत मिठागरे बंद करून समुद्रातून मीठ काढण्याचे काम याच पडद्यांवर सोपवले. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने हे पडदे स्वतः तयार करण्याचे काम केले. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्यावर संशोधन झाले.

हा पडदा हातात घेतला तर जाडसर प्लास्टिकच्या कागदासारखा लागतो. जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. त्याला डोळ्यांना दिसतील अशी भोके नसतात. पॉलिस्टायरीनसारख्या बहुवारिकाच्या साखळ्यांवर भारित गट पक्के बांधलेले असतात. सल्फॉनिक आम्लाचे गट बांधले की पडद्याच्या अंगावर कायमचा ऋण भार येतो. असा पडदा धन आयनांना आत घेतो आणि ऋण आयनांना बाहेर ढकलतो. चतुर्थक अमोनियमचे गट बांधले की उलटे होते. संचात असे पडदे पापडांच्या चवडीसारखे एकावर एक रचतात. दोन पडद्यांमधे जाळीचा एक पातळ थर, त्यातून पाणी वाहते. चवडीच्या दोन टोकांना दोन विद्युतअग्र आणि त्यांवर डीसी पुरवठा. वीज सुरू झाली की एका कप्प्यातले आयन दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि शेजारच्या कप्प्यात अडकतात, कारण पुढचा पडदा त्यांना सोडत नाही. एक कप्पा गोडा, एक खारा, पुन्हा एक गोडा. सगळे गोडे कप्पे एका नळीला जोडलेले, सगळे खारे दुसऱ्या नळीला. एका चवडीत अशा शेकडो जोड्या असू शकतात.

आयन खरोखर चालतात का, हे पाहायचे असेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होण्यासारखा एक जुना प्रयोग आहे. सोनईच्या विज्ञान महाविद्यालयातही तो सहज होईल. कॉपर क्रोमेट सौम्य आम्लात विरघळवून इंग्रजी ‘यू’ आकाराच्या नळीच्या तळाशी अलगद सोडायचे, वर दोन्ही बाजूंना स्वच्छ सौम्य आम्ल ठेवायचे आणि दोन टोकांत कार्बनच्या कांड्या बुडवून डीसी वीज द्यायची. तळाचे द्रावण हिरवट दिसते. थोड्या वेळाने ऋणाग्राच्या बाजूला निळा पट्टा चढू लागतो, तो तांब्याचा. धनाग्राच्या बाजूला पिवळा-नारिंगी पट्टा चढतो, तो क्रोमियमचा. दोन्ही धातूच, पण दिशा उलट. तांबे पाण्यात एकटे, धन आयन म्हणून फिरते. सहा संयुजेचे क्रोमियम मात्र ऑक्सिजनला धरून ऋण आयन बनते. धातू म्हटला की तो ऋणाग्राकडेच जाणार, असे धरून कोणी संच बांधला तर क्रोमियम त्याच्या हातावर तुरी देईल. (क्रोमेट विषारी आहे. प्रयोग झाल्यावर ते बेसिनमध्ये ओतू नये, बाटलीत जमा करावे.)

काही धातू तर दोन्हीकडे जात नाहीत. भूजलातले तीन संयुजेचे आर्सेनिक नेहमीच्या पाण्यात भाररहित रेणू म्हणून राहते, त्याला वीज ओढत नाही. त्याचे आधी ऑक्सिडीकरण करावे लागते. हाच नियम जंतूंना आणि बहुतेक कीटकनाशकांना लागू पडतो. पाकातली साखर ज्या कारणाने जागच्या जागी राहते, त्याच कारणाने हेही पाण्यातच राहतात. विद्युत अपोहनातून आलेले पाणी कमी क्षारांचे असते, पण निर्जंतुक झालेले नसते. आरओच्या पडद्याची सवय झालेल्या आपल्या गावांना हा फरक आधी सांगायला हवा. आरओ दाबाच्या जोरावर पाण्याला पडद्यातून ढकलतो आणि बाकी जवळजवळ सगळे मागे ठेवतो. विद्युत अपोहन पाण्याला जागेवर ठेवून फक्त क्षारांना ओढून काढते.

मग असा संच सोनईच्या विहिरीवर बसवला तर? हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. मुळा धरणाचे पाणी, ज्याला ज्ञानेश्वरसागर म्हणतात, कालव्याने राहुरी-नेवाशाच्या काळ्या जमिनीत आले आणि ऊस आला. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. जमीन चोपण होते, विहिरी मचूळ होतात. खतांचा नायट्रेट त्यात भर घालतो आणि फॉस्फेट खतांतून कॅडमियमचा अंशही येऊ शकतो. आडातून काढलेले पाणी डाळ शिजवेना, हे दुखणे या पट्ट्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे.

क्षारांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या जवळचा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नताशा राइट आणि अमोस विंटर यांनी भारतातल्या खेड्यांसाठी सौरऊर्जेवर चालणारे विद्युत अपोहन विकसित केले, ते जळगावच्या जैन इरिगेशनबरोबर. २०१५ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे झालेल्या स्पर्धेत या जोडीला १,४०,००० डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. पुढे हैदराबादजवळच्या चेल्लूर गावात त्यांनी प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. त्यांचा हिशेब साधा आणि पटणारा आहे. आरओमध्ये पाणी ढकलायला वीज लागते, मग त्यात क्षार थोडे असोत की फार. विद्युत अपोहनात जेवढे क्षार तेवढी वीज. म्हणून लिटरला १,००० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याला आरओपेक्षा ७५ टक्के कमी वीज पुरते आणि ३,००० मिलिग्रॅमला ३० टक्के कमी. समुद्राच्या पाण्याला मात्र आरओच बरा. शिवाय ठरावीक वेळाने विजेची दिशा उलटवली की पडद्यांवर जमलेला चुना सुटतो, गोडे कप्पे खारे होतात आणि खारे गोडे. त्यामुळे वाया जाणारे पाणीही कमी होते. गावोगावच्या पाण्याच्या एटीएममागून गटारात जाणारी धार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

धातूंच्या बाबतीत मात्र मी विहिरीवरच्या संचाची भलामण करणार नाही. कारण आकड्यांतच पाहा. एक हजार लिटर पाण्यातून लिटरमागे १,००० मिलिग्रॅम क्षार काढायचे, म्हणजे एकूण एक किलो. ते साध्या मिठाइतके धरले तर सुमारे १७ मोल भार पडद्यांतून हलवावा लागतो. एका मोलमागे ९६,४८५ कुलोम. प्रत्येक जोडीवर एक व्होल्ट धरला तर जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते, पंपाची वेगळी. आता समजा त्या पाण्यात शिसे लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. त्या हजार लिटरमध्ये शिसे झाले पन्नास मिलिग्रॅम. ते हलवायला लागणारा भार ०.०००५ मोलसुद्धा नाही. खर्च केलेल्या विजेच्या पस्तीस हजार भागांपैकी जेमतेम एक भाग शिशावर पडतो, बाकी सगळी वीज सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड वाहून नेण्यात जाते. शिसे कमी होते, पण सगळ्या क्षारांच्या बरोबरीने. क्षार दोन-तृतीयांश कमी केले आणि शिसेही तेवढेच गेले असे धरले, तरी ०.०५ चे ०.०१७ होते, म्हणजे अजून मर्यादेच्या वरच. आणखी क्षार काढायला जावे तर पाणी इतके पातळ होते की त्यातून वीज नीट वाहेना. मग प्रवाह आयनांऐवजी पाण्याचेच रेणू फोडू लागतो, पडद्याशेजारी आम्ल आणि आम्लारी तयार होतात आणि आम्लारीच्या बाजूला धातूंचे हायड्रॉक्साइड पडद्यावर साचतात. लोहासारखे धातू तर पडद्याला असे चिकटतात की तो कायमचा निकामी होतो.

यावर उपाय आहे. कप्प्यांत आयन-विनिमय रेझिनचे बारीक मणी भरायचे. पाणी पातळ असले तरी मण्यांवरून आयन पडद्यापर्यंत चालत जातात. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या अर्गॉन प्रयोगशाळेने किरणोत्सारी सांडपाण्यासाठी ही कल्पना करून पाहिली आणि आज औषधनिर्मितीत आणि वीजकेंद्रांच्या उच्च दाबाच्या बॉयलरसाठी अत्यंत शुद्ध पाणी अशा संचातून मिळते. पण त्याला आधी आरओने धुतलेले पाणी द्यावे लागते. विहिरीचे कठीण पाणी थेट दिले तर काही दिवसांत मणी चुन्याने माखतात. गावाच्या पाणीपुरवठ्याला हे झेपणारे नाही.

तेव्हा धातू पकडायचा तो पातळ होण्याआधी, जिथे तो पाण्यात पडतो तिथेच. महाराष्ट्राला हा धडा पाऱ्याने दिला. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन तयार करायला मिठाच्या द्रावणातून वीज नेतात. जुन्या पद्धतीत ऋणाग्र म्हणून पाऱ्याचा वाहता थर असे. सोडियम पाऱ्यात शिरून त्याचे पारदमिश्रण होई, ते पाण्याने धुतले की कॉस्टिक सोडा निघे आणि पारा पुन्हा घटात जाई. पुन्हा जाई, पण सगळा नाही. थोडा सांडपाण्यातून, थोडा गाळातून, थोडा वाफेने निसटे. कल्याणजवळची काळू नदी पाऱ्यासाठी बदनाम झाली ती १९७० आणि ८० च्या दशकांत. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एम. डी. झिंगडे आणि बी. एन. देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जपानमध्ये मिनामाताची विषबाधा १९५६ मध्ये उघड झाली होती. पारा मासळीत साठतो आणि मासळीतून माणसात येतो, हे तोवर जगाला कळून चुकले होते. खाडीकाठच्या कोळ्यांची उपजीविका आणि ताट, दोन्ही त्या पाण्यावर होते.

एवढ्या मोठ्या खाडीतून पारा गाळून काढणारा पडदा कोणी बसवू शकले नसते. पडदा बसला तो कारखान्याच्या आत. अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचा, क्लोरीन आणि कॉस्टिक दोन्ही सोसणारा धन आयनांचा पडदा तयार केला. १९७५ मध्ये जपानच्या नोबेओका इथे त्यावर चालणारा मोठा कारखाना सुरू झाला. मिठाच्या द्रावणातला सोडियम पडदा ओलांडून पलीकडे जातो, क्लोराइड अलीकडे राहतो आणि पाऱ्याची गरजच उरत नाही. पडदा नाजूक इतका, की त्याला द्यायच्या द्रावणात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून अब्जात वीस भागांच्या वर चालत नाही. म्हणून कारखान्याला आधी मीठ विलक्षण स्वच्छ करावे लागते. भारतात २००३ मध्ये उद्योगांनी पाऱ्याचे घट काढून पडद्याचे घट बसवण्याची हमी दिली, मुदत २०१२ ची होती. मिनामाता करारात २०२५ पर्यंत या उद्योगातून पारा हद्दपार करायचे ठरले. भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केला. खाडीच्या तळाच्या चिखलात जुना पारा अजून बसलेला आहे, पण नव्याची आवक या पडद्याने तोडली. माझ्या मते विजेच्या पडद्याने विषारी धातूंविरुद्ध मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय आहे.

असेच दुसरे ठिकाण आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, प्लेटिंगची दुकाने. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर इथल्या वाहन आणि यंत्रांच्या सुट्या भागांना निकेलचा, जस्ताचा, क्रोमचा मुलामा चढवणारे हे छोटे उद्योग. निकेलच्या हौदात लिटरला २५०-३०० ग्रॅम निकेल सल्फेट, त्याशिवाय निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल असते. तापलेल्या, गर्द हिरव्या द्रावणातून जॉब वर काढला की त्याच्या अंगावर, भोकांत, आट्यांत द्रावण राहते. तो शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडवतात, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक जॉबबरोबर निकेल पाण्यात उतरतो. कुशल कारागीर हौदावर जॉब क्षणभर निथळू देतो, नवखा घाईने पुढे नेतो, आणि तेवढ्या फरकाने महिन्याकाठी किती निकेल नाल्यात जाईल ते ठरते.

नेहमीची पद्धत अशी, की या पाण्यात चुना टाकून निकेलचा गाळ बसवायचा. क्रोम असेल तर आधी आम्ल टाकून मेटाबायसल्फाइटने त्याचे तीन संयुजेत रूपांतर करायचे, मग चुना. पाणी स्वच्छ होते. सहा संयुजेचे क्रोमियम सांडपाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत, निकेल ३ मिलिग्रॅमच्या आत, असे नियम पाळता येतात. पण हिरवट चिखल पोत्यांत भरून रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांकडे पाठवावा लागतो. दुकानदार निकेल विकत घेतो आणि तो पुरायला पुन्हा पैसे मोजतो. ज्याला ते पैसे परवडत नाहीत, तो रात्री पोते कुठे रिकामे करतो, हे नाल्याकाठच्या लोकांना विचारावे.

पहिल्या धुण्याच्या हौदातले पाणी पडद्यांतून फिरवले तर हिशेब उलटतो. तिथे लिटरला काही ग्रॅम निकेल असते आणि बहुतेक आयन निकेलच्याच क्षारांचे. म्हणजे इथे वीज सोडियम-कॅल्शियमवर वाया जात नाही. निकेल एका पडद्यातून जाते, सल्फेट आणि क्लोराइड दुसऱ्यातून, आणि खाऱ्या कप्प्यात निकेलचे घट्ट द्रावण जमते. एक किलो निकेल हलवायला जोडीमागे एक व्होल्ट धरून एक युनिटपेक्षाही कमी वीज लागते. गळती आणि पंप धरून ती काही पट झाली, तरी निकेलच्या किमतीपुढे ती किरकोळ आहे. घट्ट द्रावण पुन्हा मुलाम्याच्या हौदात ओततात आणि पातळ झालेले पाणी पुन्हा धुण्याला. बोरिक आम्लावर भार नसल्याने ते धुण्याच्या पाण्यातच राहते, म्हणून मुलाम्याच्या हौदात त्याची भर वेगळी घालावी लागते. चकाकीसाठी टाकलेली काही सेंद्रिय द्रव्ये पडद्याला चिकटतात, त्यांना आधी कोळशाच्या गाळणीत अडवावे लागते.

क्रोम मात्र इथेही सरळ वागत नाही. क्रोमिक आम्ल जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे आणि ते जाते ऋण आयनांच्या पडद्यातून. तोच पडदा ते हळूहळू खाऊन टाकते. म्हणून क्रोमच्या हौदाला लोक दुसऱ्या बाजूने भिडतात. क्रोम आत ठेवून त्यात साचलेले तांबे, लोह, जस्त हे धन आयन धन आयनांच्या पडद्यातून बाहेर ओढायचे. पडदा फ्लोरिनयुक्त, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या घटांत वापरतात त्याच कुळातला. हौद वर्षानुवर्षे टिकतो, टाकून द्यावा लागत नाही. लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक आम्लाचा एक हजार लिटरचा हौद टाकून देणे म्हणजे पाव टन विष एकदम बाहेर काढणे. ते टळले तर चुन्याच्या चिखलाची कितीतरी पोती टळतात.

छोट्या दुकानाला संचाची किंमत जड जाते, हे खरे. पडदे आयात करावे लागले की आणखी जड. पण पहिल्या हौदातले पाणी वाहते न ठेवता साठवून ठेवणे, जॉब हौदावर निथळू देणे आणि ते हिरवे पाणी नाल्याऐवजी पिंपात जमा करणे याला पडदा लागत नाही. असे पिंपांतले पाणी एका वसाहतीतल्या दहा दुकानांनी निकेलचे निकेलमध्ये आणि जस्ताचे जस्तात वेगवेगळे ठेवले, तर एकच संच सगळ्यांना पुरतो. एका पिंपात सगळे ओतले की कुठलाही पडदा ते पुन्हा वेगळे करून हौदात घालण्यासारखे देऊ शकत नाही.